खऱ्या मापाचा चेहरा

नाही नाही, नितीनभाऊ, बंद नका करू — स्विचला हातच नका लावू. मागचं झाकण चालू असताना उघडता येत असेल तर उघडा, नाही तर राहू द्या तसंच. परवा इथं लाइट गेली, तर परत लागायला पाऊण तास घेतला ह्या कॉम्प्युटरनं, आणि लागला तो असा. डावीकडचं सगळं काळं, उजवीकडं तेवढं दिसतंय. आता बंद झाला तर लागेल का? तुम्हीच म्हणालात ना, सांगता येत नाही. मग नकोच. अकरापर्यंत राहू द्या. अकराला मोखाड्याची एसटी येते. त्यानंतर तुम्ही खोला, फोडा, घेऊन जा, मी काही बोलणार नाही. बसा ना. ती खुर्ची गिऱ्हाइकाचीच आहे, बसा. नाशिकहून घाट उतरून आलात तुम्ही, मी मघापासून नुसता नाही नाही करतोय. मला बोलता येत नाही नीट माणसांशी. सगळे म्हणतात. फोटो काढताना पण मी हनुवटी वर करा म्हणत नाही, स्वतःची करून दाखवतो.

कोण, ही? पडद्यावरची? ही सूर्यमाळची. मीना नाव. गिऱ्हाईक — म्हणजे तिचे वडील गिऱ्हाईक, चार वर्षांपूर्वीचे. तापात गेली ती. शाळेच्या ओळखपत्रावरचा एवढासा फोटो घेऊन आले होते, घामानं चिकटलेला. तेच माझं काम आहे भाऊ. पासपोर्ट फोटो, दाखल्यांचे फॉर्म, ते तर सगळेच करतात जव्हारात. पण गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायचा तर इथंच येतात, पार खोडाळ्यापासून. बहुतेकांकडं आधारकार्डच असतं, त्यात तो दचकल्यासारखा चेहरा. मग इथं बसतात चार-पाच जणं, आणि सांगतात — नाक बसकं होतं, एवढं सरळ नको. हिला लुगडं हिरवं घाल, जिवंतपणी एकदाच नेसली होती. जांभळीच्या पाड्याचा एक बुध्या म्हातारा आला होता, म्हणाला माझ्या भावाला केस घाल. घातले. बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, काढ रे, ह्याच्यात तो मला शिव्या देईल असा दिसत नाही. पुन्हा टक्कल केलं. मग रडला.

नाही, दुसरा पडदा नाही चालणार. तुम्ही आल्यापासून तेच सांगताय, मला समजतंय — त्या मापाचा ऑल-इन-वन कंपनीनं बंद केला, आता छोटाच येतो, आतलं पॅनल कुठंच मिळणार नाही. त्यापेक्षा मॉनिटर वेगळा घे, सीपीयूचा डबा वेगळा घे, स्वस्तात होईल. मला कोणी शिकवलेलं नाही भाऊ, आठवीतून सुटलोय मी, पण हा माझ्या हाताखाली आहे सहा वर्षं. नाशिकला एक स्टुडिओ मोडत होता, तिथून आणला, आईच्या गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला टीव्ही का रे? म्हटलं कॉम्प्युटर. तो म्हणाला, मग ह्याचा डबा कुठंय? म्हटलं, ह्याच्या पोटातच आहे. घाटभर तो मागं वळून वळून बघत होता.

आणि आणल्यावर पहिलाच चेहरा उघडला ना — तो खऱ्या माणसाएवढा आला. खरंच. मोबाइलवर माणूस अंगठ्याएवढा असतो, फ्रेममध्ये तळहाताएवढा. ह्याच्यावर जेवढ्यास तेवढा. पहिल्यांदा मी नव्हतं ओळखलं, गिऱ्हाइकांनी ओळखलं. एक बाई आल्या, त्यांनी पडद्यावर वीत धरली, हनुवटीपासून कपाळापर्यंत, आणि म्हणाल्या, हां, एवढाच होता. तेव्हापासून मी वीत धरू देतो सगळ्यांना. आकडा ठेवलाय लिहून, किती टक्क्यांवर चेहरा जेवढ्यास तेवढा येतो — तो बघा, भिंतीवर, पेन्सिलीनं. तुमच्या कंपनीच्या माणसांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी बंद नसता केला. असं मला वाटतं. नसेल तसं. त्यांना काय माहीत असणार इथलं.

आणि ऊब. डबा पोटात असल्यामुळं काच तापते ह्याची. इथं, खाली उजवीकडं — हात लावून बघा, हळू. गालाएवढी गरम आहे की नाही? वेगळा मॉनिटर घेतला तर तो असा लागेल का हाताला? हां — तुम्ही म्हणताय त्या उष्णतेनंच पॅनल गेलं. आत साचत राहिली आणि जळत गेलं. आत्ता म्हणालात ना तसं. मी आणखी गरम राहावा म्हणून मागं भिंतीला लावून ठेवायचो. मला माहीत नव्हतं भाऊ. आईला बरं वाटायचं म्हणून ठेवायचो.

आई माझी. सुकी. साखरशेतला असते, दुसऱ्यांच्या शेतावर जाते रोजानं. दर बाजाराच्या दिवशी इथं यायची ती, सहा वर्षं नाही, साडेतीन — बाजाराची पिशवी दारात ठेवायची, तुम्ही बसलाय तिथं बसायची. मी फोटो उघडून द्यायचो. ती काचेवर गालाला हात लावून बसायची. गिऱ्हाईक आलं की उठायची. कोणाचा फोटो? माझ्या बहिणीचा. भारतीचा.

मघाशी मीनाचा म्हटलं होतं ना मी? मीनाचाच फोटो आहे हा. थांबा, सांगतो. मला सुरुवातीपासून सांगायला पाहिजे होतं, नाही तर सांगायलाच नको होतं.

भारतीचा फोटो नव्हता. एकही नाही. आम्ही दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणारी माणसं, सगळी वाडीच जाते. आधारकार्डाचा कॅम्प आला तेव्हा आम्ही भट्टीवर. शाळेत वर्गाचा फोटो निघाला तेव्हा आम्ही भट्टीवर. तिथंच गेली ती, नऊ वर्षांची होती, मी चौदाचा. मी शाळा सोडून विटा उचलायला गेलो होतो त्याच साली. काय झालं होतं ते नका विचारू, तिथल्या डॉक्टरनंही नीट सांगितलं नाही. पुढं मी हे काम शिकलो, आणि आई बघायची ना, कोणाकोणाची गेलेली माणसं इथं परत येतात ते. तिनं कधी मागितलं नाही. नुसतं एकदा म्हणाली, करण, ज्याचा फोटोच नाय त्याचं काय करतोस तू? मी म्हटलं, त्याचं काही करता येत नाही. त्या दिवशी तिनं बाजारही केला नाही, तशीच गेली.

मग मीनाचे वडील आले. वय तेवढंच, चेहरा असाच गोल. त्यांचं काम केलं, फ्रेम करून दिली, ते गेले. फोटो माझ्याकडं राहिला. तो पुसायचा असतो काम झाल्यावर, मी पुसतो नेहमी. तो नाही पुसला. आधी भुवईवर खूण केली — भारती पडली होती शेडच्या पत्र्यावर, डाव्या भुवईवर — ती एवढीशी खूण. मग नाक आईसारखं थोडं पसरलं. मग रंग. आम्ही काळे आहोत, मीना उजळ, तर रंग उतरवत उतरवत आणला. दोन महिने लागले. आईला आणून बसवलं इथं आणि म्हटलं, बघ. काही सांगितलं नाही, कुठून आणला ते. ती बघत राहिली. मग वीत धरली. मग म्हणाली, गरम हाय.

चोरी आहे ना भाऊ? आहेच. त्यातून ते शेतीवाले, आम्ही बिनजमिनीचे. त्यांच्या ओट्यावर आमची माणसं पाणी मागतात ना, तर लांबून ओततात अजून काही घरांत. आणि मी त्यांची मुलगी घेऊन आमची केली. मला पहिले काही महिने झोप नव्हती. मग सवय झाली. वाईट गोष्ट आहे ती, पण झाली. आईचं अंगही भरलं जरा. मी म्हटलं, कोणाचं काय गेलं?

मग गेल्या महिन्यात पडद्यावर काळी पट्टी आली, डाव्या कडेला, बोटाएवढी. मग चार बोटं. मी घाबरलो. फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि पलीकडं मोबाइलच्या दुकानात त्या मोठ्या टीव्हीवर लावून बघितला, आईला घेऊन. तिला म्हटलं, हा गेला तरी काळजी नको, भारती कुठंही दिसेल. लावला. आई बघते, मी बघतो. ती भारती नव्हतीच. उजळ होती, गुलाबी, खूण धुतल्यासारखी फिकट. मीनाच होती ती सरळ सरळ. तुम्हाला कळलं असेल काय झालं ते, मला त्या टीव्हीपुढं उभं राहून कळलं — हा पडदा जुना, पिवळा पडलाय. मी सगळे रंग ह्याच्यावर बघून लावले होते. काळेपणा मी लावलेला थोडाच होता, बाकीचा ह्याचा होता. भारती ह्या एका काचेवरच होती. दुसरीकडं कुठंच नव्हती.

आई म्हणाली, ही कोणाची रे? दुकानदार ऐकत होता. मी तिला बाहेर आणलं. डेपोच्या भिंतीला टेकून सगळं सांगितलं, सूर्यमाळ, ओळखपत्र, सगळं. मला वाटलं मारेल. लहानपणी मारायची, हाताला काय लागेल त्यानं. ती म्हणाली, मला माहीत होतं. म्हणाली, माझ्या पोरीचे कान मला माहीत नायत का? कान तू बदलले नायस. साडेतीन वर्षं, भाऊ. कान बघत होती ती, आणि तरी गालाला हात लावून बसत होती. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, पोरगी तर होती ना कोणाची तरी. मग थोडं चालून गेल्यावर म्हणाली — तिच्या आयसनं बघितलीय का ही, एवढी मोठी? मी म्हटलं नाही, वडील एकटेच आले होते, फ्रेम घेऊन गेले. तर म्हणाली, मग बंद पडायच्या आधी तिची तिला देऊन टाक.

म्हणून काल मी दिवसभर बसून सगळं काढलं. खूण काढली. नाक होतं तसं केलं. ह्या पिवळ्या काचेवर ती उजळ दिसावी म्हणून निळा वाढवला, फ्रेमची एक प्रत होती माझ्याकडं, ती शेजारी धरून. सरकवून उजवीकडं आणली, डावीकडं तर काळंच आहे. आता जी दिसतेय ती मीना. पूर्ण मीना.

भारतीची कॉपी? नाही ठेवली. तुम्ही मघाशी म्हणालात ना, हार्ड डिस्क चांगली आहे, सगळं काढून देतो, काही जाणार नाही. जाणार नाही हे खरंय. पण ठेवून करायचं काय? दुसरीकडं लावली की मीनाच दिसणार. आणि आणखी एक — हे आईला नाही सांगितलं मी — मला भारतीचा चेहरा आता आठवत नाही. आधी आठवायचा, अर्धामुर्धा, म्हणून तर करता आला. आता डोळे मिटले की मीनाच येते, खूण असलेली. मी भारतीवरच मीना काढली भाऊ. खाली काय होतं ते गेलं.

आई कालच गेली सूर्यमाळला. एकटी. भात लावायच्या दिवसांत कामाला गेली असेल तेवढीच त्या बाजूला, बाकी कशाला जाईल? मी येतो म्हटलं तर नको म्हणाली, तू तिथं जाऊन हनुवटी वर करून दाखवशील. माघी नाव आहे मीनाच्या आईचं. आज सकाळी कोणाच्या तरी फोनवरून आईनं फोन केला. मी विचारलं, काय सांगितलंस त्यांना? म्हणाली, सांगितलं, तुझी पोर माझ्याकडं होती, येऊन बघून जा. मी म्हटलं, मग त्या काय म्हणाल्या? म्हणाली, तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलंन आणि पायात चप्पल घातली.

किती वाजले? ही पट्टी बघा — मघाशी तिच्या कानापासून लांब होती ना? आता जवळ आली. पंखा इकडं वळवा जरा. नाही, नको, थंड होईल काच. तसंच राहू द्या. आली वाटतं गाडी, डेपोत लोक उतरतायत. ती बघा, निळ्या लुगड्यातली आई. मागं त्या — नाही, मागं नाही. बरोबरीनं चालतायत.

उठा भाऊ, खुर्ची लागेल. दुसरी नाही माझ्याकडं, कधी लागलीच नाही. दारातून जरा बाजूला व्हा, उजेड येतोय काचेवर. या. या मावशी, इथं बसा. आई, तू — आत ये ना, पिशवी राहू दे तिकडं. मावशी, हात लावा. चालतं. गरम आहे ती, घाबरू नका, तशीच असते. वीत धरली तरी —

भाऊ, तुम्ही जा आता.