शैलाताईंचं रविवारचं कपाट

मंडळी, बसा. मागे दारात उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. पुण्याहून आलात, सायखेड्याहून आलात, काही जण कारखान्यातून पाळी सोडून आलात. एवढी माणसं या वाचनालयात एका वेळी मी कधी पाहिली नव्हती. ताईंनीही पाहिली नव्हती.

मला बोलायला उभं केलंय खरं, पण मी रडायला आलेलो नाही. मला राग आलाय. शोकसभेत रागावू नये म्हणतात. पण मी सातवी शिकलेला, जन्मभर लेथ चालवणारा माणूस. कुठं काय बोलावं हे शिकायचं राहूनच गेलं. तेव्हा सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी बोलणार आहे.

शैलाताई मागच्या मंगळवारी गेल्या. ज्यांना त्या नीट माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अंबडच्या एका कारखान्यात त्या कामगारांच्या पगाराचे प्रोग्रॅम लिहायच्या. आठवडाभर ते, आणि रविवारी सकाळी इथं, या खोलीत, कॉम्प्युटरच्या पुस्तकांचं कपाट उघडून बसायच्या. कपाट वाचनालयाचं, पण आतला माल त्यांचा. मुंबईला गेल्या की फुटपाथवरून पुस्तकं आणायच्या. मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडी जपून ठेवायच्या. नेट जेव्हा फक्त कॅफेत होतं, तेव्हा तिथं जाऊन प्रोग्रॅम शिकवणारी पानं फ्लॉपीवर भरून आणायच्या. चार फ्लॉप्या आणल्या तर एक हमखास खराब निघायची. मग पुढच्या रविवारी परत. कोणी सांगितलं होतं हो त्यांना? कोणीच नाही.

त्या कपाटाचा एकच नियम होता. सोबत पेन्सिल घेतल्याशिवाय पुस्तक मिळायचं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली. वर्कशॉपात एक जुना कॉम्प्युटर आणला होता आणि त्याला कोणता गज किती कापायचा एवढं शिकवायचं होतं. ताई म्हणाल्या, "अण्णा, पुस्तक न्या. जिथं अडाल तिथं खूण करा. सुटलात की कसे सुटलात ते समासात लिहा. मराठीत."

मी म्हटलं, "ताई, पुस्तकात लिहायचं? मास्तरांनी हात सोलला असता."

"मास्तरांना प्रोग्रॅम चालवायचा नव्हता," ताई म्हणाल्या.

पुस्तक सी भाषेचं होतं. इंग्रजी तर असं, की एकेक वाक्य म्हणजे चिंचोके चावल्यासारखं. पण समासात आपली माणसं बसलेली होती. एकानं लिहिलं होतं, 'आधी सेव्ह करा. दहाला वीज जाते.' एकानं लिहिलं होतं, 'हे उदाहरण पुस्तकातच चुकलंय, आम्ही तिघांनी करून पाहिलं, स्वतःला दोष देऊ नका.' आणि एका पानावर खुद्द ताईंचं अक्षर: 'मागच्या ओळीत अर्धविराम राहिलाय. मशीन बोंब पुढच्या ओळीवर मारतं. चोर मागच्या ओळीत शोधा.'

त्या एका ओळीनं माझे किती दिवस वाचले असतील? मी चुकीच्या ओळीला झोडपत बसलो होतो, आणि ती बिचारी निरपराध होती.

ज्यांच्या घरी पाटा होता त्यांना सांगतो. नवा पाटा गुळगुळीत असतो. दिसायला छान. पण त्याला छिन्नीनं टोचून टाकी लावून घेतली नाही तर मिरची घसरते, चटणी वाटली जात नाही. ताईंची पुस्तकं टाकी लावलेली होती. प्रत्येक माणूस आपला एक घाव घालून पुढच्याला देत होता.

हा काशिनाथ बसलाय समोर, तिकडच्या पेठ गावचा. आज पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. रविवारच्या पहिल्या एसटीनं यायचा. ताईंना म्हणाला होता, "ताई, मला इंग्रजी नाय जमत. हे पुस्तक लय अवघड हाय." ताई म्हणाल्या, "मग समास वाच. समास पेठच्या माणसासाठीच आहे." बरोबर ना रे काशिनाथ? मान खाली घालू नकोस. तुझ्यावर नंतर येतो.

आता मुद्द्यावर येतो.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाला देणगी मिळाली. नवा कॉम्प्युटर कक्ष झाला. फीत कापली, नारळ फुटला. चांगलंच झालं. पण उद्घाटनाआधी समितीनं कपाटं आवरायला काढली. आपल्या वाचनालयाचा जुना नियम आहे, ज्या पुस्तकात लिहिलंय, रेघा मारल्यात, ते खराब. कथा-कादंबऱ्यांसाठी केलेला नियम. तोच त्यांनी ताईंच्या कपाटाला लावला. एकेक पुस्तक उघडलं, समासात अक्षर दिसलं की खराब. अक्षर दिसलं की खराब. ज्या पुस्तकातून माणसं शिकली ते खराब, आणि ज्याला कोणी हात लावला नाही ते चांगलं. सगळं भद्रकालीच्या रद्दीवाल्याकडे गेलं.

ताईंना कळलं तेव्हा त्या तशाच रिक्षानं तिकडं गेल्या. जेवढी सापडली तेवढी गोणीत भरून आणली. बाकीच्यांत तोवर कुणाकुणाचे शेंगदाणे बांधून झाले होते.

त्यांच्या जागी नवी पुस्तकं आली. काचेचं कपाट आलं. ते बघा, तुमच्या पाठीमागे आहे. आतल्या पुस्तकांचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा अजून निघालेलं नाही. कुलूप लावलं आणि किल्ली अध्यक्षांकडे.

नानासाहेब, तुम्ही आमचे अध्यक्ष, तुमचा मान आहे. तुम्ही वाईट माणूस नाही, हे मी या माइकवरून सांगतो. या खोलीचं छप्पर गळत होतं तेव्हा शिडीवर तुम्ही चढला होतात, आम्ही खाली उभे राहून सल्ले देत होतो. पण ताई दर रविवारी तुमच्याकडे किल्ली मागत होत्या. मी सोबत होतो, म्हणून सांगतो. तुम्ही म्हणायचात, "ताई, लोक पुस्तकं खराब करतात हो." ताई म्हणायच्या, "नानासाहेब, ती खराब होण्यासाठीच आहेत." तुम्ही हसायचात. पुढं पुढं म्हणू लागलात, "आता सगळं नेटवर मिळतं, ताई. तुम्ही दगदग करू नका."

मिळतं नेटवर. मीही बघतो, मला येतं. पण पेठच्या पोरानं कुठं अडावं आणि सायखेड्याच्या पोरीनं त्याला कसं सोडवावं, हे मिळतं का तिथं? मिळत असेल तर मला दाखवा, मी आत्ता खाली बसतो.

मग ताई कुठं बसल्या? बाहेर, पायरीवर, कारण लिहिलेली पुस्तकं आत चालत नव्हती. गोणी शेजारी. दोन वर्षं रविवार चुकला नाही. आत पंखा फिरत होता, नवे कॉम्प्युटर झाकून ठेवले होते, आणि बाहेर पायरीवर शाळा चालू होती. मी म्हटलं, "ताई, भांडू या." त्या म्हणाल्या, "अण्णा, भांडायला गेले तर ही पोरं कोण बघणार? भांडण तुम्ही घ्या." घेतो म्हटलं होतं. आज घेतलंय.

आणि आज हा फलक. केवढा फोटो, खाली लिहिलंय 'ज्ञानदात्री'. ताईंनी हा शब्द ऐकला असता तर पेन्सिल काढून समासात लिहिलं असतं, 'चूक. तपासा.' बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय?

आणि काशिनाथ, तू, आणि परदेशातून ईमेल पाठवून 'आमच्या आयुष्याला वळण दिलं' म्हणणारे तुम्ही सगळे. वळण दिलं ना? मग त्या पायरीवर बसल्या आहेत हे माहीत असताना एकानं तरी समितीला चार ओळी लिहिल्या? मला राग येतो रे पोरांनो. तुम्ही माझी माणसं आहात, म्हणून जास्त येतो.

पुरे झालं. पाणी द्या जरा.

ती गोणी मी आणलीय. इथं टेबलाखाली आहे. या रविवारी ती पुस्तकं त्या काचेच्या कपाटात जायची आहेत, आणि नव्या पुस्तकांची वेष्टनं निघायची आहेत. काशिनाथ, पहिलं पुस्तक तू घ्यायचं आणि अडशील तिथं लिहायचं. तू अजूनही अडत असशील. अडत नसशील तर तू काम करत नाहीस.

आता सर्वांनी उभं राहावं. फोटोपुढं फुलं आहेत, त्यात मी एक पेन्सिल ठेवलीय. शेजारी थोडी जागा मोकळी सोडलीय. नानासाहेब, किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात असते, मला माहीत आहे.

शांतता दोन मिनिटांची असते म्हणतात. मी घड्याळ काढून ठेवलंय. किल्ली त्या पेन्सिलीशेजारी आली की आपण बसू. घाई नाही, नानासाहेब. आम्ही उभे आहोत.