पाच मीटरची गाठ

(सोलापूर. गुरूचं पोहण्याच्या आणि खोल बुडी मारण्याच्या सामानाचं दुकान, सकाळचे अकरा. काउंटरवर दोन उघडी खोकी. समोर उजनीच्या काठावरून आलेला पाणबुड्या धनाजी आणि त्याचा दोर धरणारी बायको सोनाली.)

धनाजी : हे कुलूप घालणारं नगं मला. ते दुसरं दावा.

गुरु : दादा, कुलूप म्हणजे शिक्षा नाही हो. वर येताना थांबायला सांगितलं आणि तुम्ही थांबला नाहीत, तर हा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दोन दिवस आकडेच दाखवत नाही. दोन दिवस पाण्यात उतरू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

धनाजी : आन उद्या गावाला पाणी उचलायच्या जॅकवेलची तुंबल्याली जाळी कोण मोकळी करनार? हे घड्याळ? चार दिस झालं, नळाला पाणी न्हाय तितं. मी सांगोल्याचा हाय गुरुभाऊ. टँकरमागं घागर घिऊन पळाल्यालं माणूस हाय मी. पाण्यापायी थांब म्हणल्यालं मला सोसत न्हाय.

सोनाली : आवं, त्यास्नी बोलू तरी द्या की. दोनातला फरक काय, ते नीट ऐका.

गुरु : सरळ फरक आहे, वहिनी. हा काळा कडक आहे. जास्त वेळ थांबवतो, आणि ऐकलं नाही की बंद. हा निळा मात्र नुसता खोली आणि वेळ दाखवण्यावरही ठेवता येतो. बाकीचा हिशोब ज्याचा त्यानं करायचा.

धनाजी : निळा द्या.

सोनाली : काळा द्या.

धनाजी : मनगट माझं हाय, सोने.

सोनाली : आन दोर माझ्या हातात असतोय. मला वर काय दिसतंय? नुसतं पाणी आन बुडबुडं. एकदा वडलं की ठीक, दोनदा वडलं की वर या. एवढ्यावर मी पाच वरसं काढली. आता येक यंत्र माझ्या बाजूनं बोलतंय, तर ते बी तुमाला नगं.

गुरु : असं करू. आधी माझा भाड्यानं नेलेला कॉम्प्युटर परत द्या. त्यात सगळ्या बुड्यांची नोंद असते. ती बघतो, मग तुम्हाला कुठला योग्य ते सांगतो.

धनाजी : त्यात काय बगायचंय? पट्टा तुटलाय तेवडा बगा. उशीर व्हतोय आमाला.

सोनाली : कसला उशीर? तुमीच म्हणला, आज दिसभर सोलापुरात हाय म्हणून. घ्या गुरुभाऊ, पिशवीत हाय.

गुरु : ह्याचा शेल पण संपत आलाय. नोंद फोनवर उतरवून घेतो आणि शेल काढून इथं काउंटरवर ठेवतो... हं, आलं. मंगळवार. तीन बुड्या. तिसरी चोवीस मीटर. वर येताना थांबा, पाच मीटर, सतरा मिनिटं. एक मिनिट कमी नाही. शिस्त आहे दादा. आणि ही खोलीची रेषा बघा वहिनी, कशी पट्टीनं मारल्यासारखी. मालवणला शिकलो तेव्हा वर्षभर झटलो, पण पाण्यात इतकं एका जागी राहणं मला जमलं नाही.

सोनाली : किती वाजता?

गुरु : काय?

सोनाली : ती सतरा मिनिटं. किती वाजल्यापास्नं?

धनाजी : सोने, चल. काळा घिऊ तुझा. बांधा वो ते.

सोनाली : गुरुभाऊ, वेळ सांगा.

गुरु : दुपारी एक वाजून दहा मिनिटांपासून... एक सत्तावीसपर्यंत.

सोनाली : एकची एसटी धा मिनिटं उशिरानं गेली आन हे वर आले. मी थर्मासातला च्या वतला. बांधावर बसून दोघांनी पिला. मी दोर वडाय गेले तर म्हणले, ऱ्हाऊ दे जरा, हात दुखत्याल तुझं.

गुरु : म्हणजे तेव्हा कॉम्प्युटर...

सोनाली : दोराला. पाच मीटरच्या गाठीला माझ्या परकराची नाडी बांधल्याली हाय, गढूळ पाण्यात हाताला लागावी म्हणून. तिला अडकवून आले असत्याल. व्हय का वो?

धनाजी : गुरुभाऊ, भाडं किती झालं तुमचं?

सोनाली : तुमाला इचारतीया.

धनाजी : व्हय.

गुरु : दादा, कॉम्प्युटर खाली आणि तुम्ही वर? त्याला वाटलं, तुम्ही थांबलाय. म्हणून कुलूप पडलं नाही. पण अंगात साठलेल्या वायूला कोण फसवणार? तो सावकाश निघावा म्हणूनच तर थांबायचं असतं.

धनाजी : ठाव हाय मला. कोर्समदी शिकीवलंय.

गुरु : मग असं का?

सोनाली : किती येळा केलं?

धनाजी : फेब्रुवारीपास्नं. समदीच.

सोनाली : फेब्रुवारीपास्नं. म्हंजी तवा मी वर बसून यंत्राला दुवा देत हुते, आन तुमी त्येला खुट्टीला टांगून घरला येत हुता.

धनाजी : वराडू नगंस.

सोनाली : वराडत न्हाय. हळूच बोलतीया. का केलं ते सांगा.

धनाजी : काम करताना मला काय वाटत न्हाय. हातात पाना असतोय, जाळी असती. गाळात सुदीक बरं वाटतंय. पर त्या नाडीपाशी नुसतं थांबायचं म्हणलं की... बिरप्पाला काडला त्या दिशी थांबलो हुतो की मी. मासं धरताना होडीवनं पडल्याला बिरप्पा. तळातनं त्येला काखेत घेतला आन पाच मीटरला आलो, तर घड्याळ म्हणतंय, थांब. अकरा मिनिटं. मढं काखेत घिऊन अकरा मिनिटं थांबलो, सोने. त्येची मान सारखी माझ्या खांद्यावर पडत हुती. आन तू वरनं दोर वडत हुतीस. दोनदा. परत दोनदा.

सोनाली : त्येची आई माझ्या पाया पडत हुती. काडा, काडा म्हणत हुती. मी काय करनार हुते?

धनाजी : तुझं काय चुकलं असं कुटं म्हणतोय मी. तवापास्नं मला तितं थांबवंना. डोळं मिटलं तरी खांद्यावर वजन येतंय. पयल्यांदा टांगलं, वर आलो, काय बी झालं न्हाय. मंग दुसऱ्यांदा टांगलं.

सोनाली : मला सांगायचं हुतं.

धनाजी : काय सांगू? पाणबुड्याला पाण्याचं भ्या वाटतंय म्हणून? उद्यापास्नं कुनी बलीवलं असतं का मला?

गुरु : दादा, ते नंतर बोलू. आधी एक सांगा. मंगळवारनंतर काही त्रास? सांधे दुखणं, मुंग्या, बधिरपणा?

धनाजी : काय न्हाय.

सोनाली : सकाळी टेंभुर्णीला च्याचा ग्लास पडला हातातनं.

धनाजी : गरम हुता.

सोनाली : दोघांचा बी येकाच किटलीतला हुता. आन बटणं?

धनाजी : कसली बटणं?

सोनाली : तीन दिस झालं, तुमच्या शर्टाची बटणं मी लावतीया. तू लाव की, म्हणता. मला वाटलं, लाडात आलाय. मी येडी, गालात हसत लावतीया.

गुरु : दादा, तीन दिवस हाताला कळत नसेल तर ही साधी गोष्ट नाही. पुण्यात दाबाचं चेंबर असलेलं हॉस्पिटल आहे, मी आत्ता फोन करतो. लवकर गेलात तर हात परत येतो. पुन्हा पाण्यात उतरलात तर पाय जातील, श्वासही जाऊ शकतो. उद्याच्या बुडीला मी तुम्हाला काळाही देणार नाही आणि निळाही नाही.

धनाजी : हात चांगला हाय माझा. जरा वात धरलाय, शेकला की जाईल. उद्याचं काम हुंदे, मंग पुण्याला जाऊ म्हणा.

सोनाली : बरं.

धनाजी : काय बरं?

सोनाली : तुमी म्हणता चांगला हाय, तर चांगला हाय. गुरुभाऊ, तो निळा बाजूला काडून ठिवा. माझं येकच ऐका. डोळं मिटा आन हात पुडं करा. उजवा. मी तळव्यावर येक वस्तू ठिवती. काय हाय ते नुसत्या बोटांनी सांगायचं. सांगितलं की निळा घ्यायचा, आन उद्या मी तोंडातनं सबूद न काडता दोर धरीन.

धनाजी : आन न्हाय सांगितलं तर?

सोनाली : तर हितनंच पुण्याची गाडी. जाळी दुसरं कुनी काडंल. आन बरं हून परत उतरला, तर काळा बांधून उतरायचं. त्या नाडीपाशी थांबायचं झालं की मी दोर हलवत ऱ्हाईन, सतरा मिनिटं असू द्या न्हाय तर तास. येकटं न्हाय थांबायचं तितं.

धनाजी : पोरखेळ हाय ह्यो.

सोनाली : मंग खेळा की. डोळं मिटा. नीट मिटा. गुरुभाऊ, तुमी बगा, चोरून बगत्याल.

गुरु : बघतोय वहिनी. मिटलेत.

सोनाली : हात उघडा. आजून. हां.

धनाजी : ह्यं बग, घाबरत न्हाय मी. बिरप्पाचं तेवडं सोडलं तर कशाला बी न्हाय.

सोनाली : ठाव हाय मला. आता मूठ मिटा आन सांगा.

धनाजी : आगं, आदी ठिव तरी.

सोनाली : घड्याळाचा शेल हाय. कवाच ठिवलाय.