जमिनीवरची दांडी

“दादा, अजून रागावला आहेस का?” धाकट्या बहिणीच्या या पत्राला आजोबांनी कितीदा पानंच्या पानं उत्तर लिहून फाडलं होतं. आज ते पुन्हा पाकीट घ्यायला पोस्टाच्या रांगेत उभे होते. पुढे घोड्यांना उड्या शिकवणारी बाई भाचीशी बोलत होती.

“मावशी, घोडा उडीच्या दांडीपाशी आला की अडूनच राहतो.”

“चाबूक दाखवलास?”

“एकदाच.”

“झालं मग! आता दांडी जमिनीवर ठेव. नुसता चालव तिच्यावरून.”

“लोक हसतील. स्पर्धा तोंडावर आलीय.”

“उडी लोकांना मारायचीय की त्याला?”

“आणि ओलांडली तर?”

“मान थोपट नि परत आण. त्या दिवशी आणखी काही मागू नकोस.”

खिडकीशी आजोबांनी पाकिटाऐवजी कार्ड मागितलं. पत्ता घातला, ‘नाही गं. तुझा दादा’ एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं.