बाटल्यांना ऊन दाखवलं तेव्हा

मी मूळची हिंगोलीकडली, सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच, मग लग्न झालं आन् नवऱ्याला चाकणला काम लागलं म्हून पुण्याकडं रहाटणीत आले. गाव म्हणलं की मला मायचा उन्हाळा आठवतो, काय सांगू तुम्हाला, तूर काय, ज्वारी काय, गोधड्यासुद्धा, सगळं अंगणात. माय म्हणायची, ऊन दाखवलं की वस्तू टिकती, अंधारात कोंबलं की किडती. आम्ही पोरी काठी घेऊन कोंबड्या हाकायचो, आन् तापलेल्या तुरीचा तो वास, तो मला इकडं कुठंच न्हाई मिळाला.

तर चाकणला एका कंपनीच्या लॅबमधी मला साफसफाईला घेतलं. लॅबच्या मोठ्या मॅडम लई कडक, मला त्यांच्या चपलेचा आवाज आला तरी घाम फुटायचा. दोन महिने झाले असतील, स्टोअरमधलं कपाट पुसताना बघते तर सात बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून अंधारात कोंबलेल्या, एकीतली पूड तर गोळा झालेली. जीव कळवळला माझा. म्हणलं, ओल धरली, कुणी बघतच न्हाई. मी कागद सोडले, झाकणं जराशी सैल केली आन् खिडकीत उन्हाला वळीनं मांडल्या, आन् वर मनात खूश, की मॅडम शाबास म्हणतील.

दुपारून बघते तर एका बाटलीतले सिल्व्हर नायट्रेटचे पांढरेशुभ्र खडे काळवंडलेले. स्टोअरचा शिंदेभाऊ म्हणला, ताई, कागद गुंडाळा आन् गप ऱ्हावा, कुणाला कळतंय? मी गुंडाळले पण. पोरीची शाळा नुकती लागली व्हती, नोकरी गेली तर कसं? पण मन ऐकंना, म्हणलं ह्याच्यातून कुणी काय तपासलं आन् चुकीचं निघालं तर?

तशीच गेले, म्हणलं, मॅडम, मी बाटल्यांना ऊन दाखवलं. त्या म्हणल्या, काय दाखवलं? मग मी रडत रडत तुरीपासून सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. मॅडम उठल्या, सातही बाटल्या बाजूला काढून लाल पट्टी लावली, वापरायच्या न्हाईत म्हून. मला वाटलं आता माझी पाळी. तर म्हणल्या, पूड गोळा झालेली एवढ्या शिकलेल्यांत एकालाही दिसली न्हाई, तुला दिसली. शिकशील का?

शिकले की. कुणाला उजेड सोसत न्हाई, कुणाला हवा, कुणाला ओल. फ्रिजातली बाटली काढल्या काढल्या उघडायची न्हाई, आधी तिचा गारठा जाऊ द्यायचा, न्हाईतर आत पाणी धरतं. सील फोडलं त्या दिवसाची तारीख बाटलीवर टाकायची. शिंदेभाऊ अजून चिडवतो, काय ताई, आज ऊन दाखवायचं का?

मॅडम गेल्या महिन्यात रिटायर झाल्या. मला लई धसका व्हता, नवे साहेब मोठे शिकलेले, माझ्यासारखीला ठेवतील का? तर निघताना मॅडमनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आन् साहेबांना म्हणल्या, बाटली हलवायची झाली तर आधी ह्यांना विचारा. देव त्या बाईला सुखात ठेवो, दुसरं काय मागू मी.

माय आता थकली, तरी तुरीची डाळ पाठवते. फोनवर पहिलं हेच, ऊन दाखवलंस का? तुम्ही जरा दाराबाहेर बघता का, ढग तर न्हाई ना आलं? वर गच्चीत डाळ टाकलीय.