घराशिवाय तार वाजत नाही

हॅलो?… हो, मिसेस ग्रीअरच बोलतेय. कोण?… अच्छा, प्रदर्शनवाले मिस्टर व्हिटकॉम! बरं झालं, तुम्हीच फोन केलात. बुधवारी मी चर्चमध्ये प्रार्थनेला गेले, आणि परत येऊन बघते तर माझ्या ओसरीच्या भिंतीला हे एवढं भगदाड! तार ठोकलेली फळीच उपटून नेलीत!… नाही, नाही. मावशी म्हणू नका. मी तुमची मावशी नाही. मिसेस ग्रीअर म्हणा.

… मी कुठे ओरडतेय? शुक्रवारी माझा उपास असतो, आणि उपासाला आवाज चढवायचा नाही असा नेम आहे. म्हणून वाचलात आज.

… परवानगी? कुणाची?… मळेवाल्या साहेबांची! अहो, घर त्यांचं असेल. फळीवरची तार माझ्या आईची. केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून तिनं भिंतीला ठोकली, तेव्हा माझ्या भावाचा हातसुद्धा वरच्या खिळ्यापर्यंत पोचत नव्हता.

… हो, तुमच्यासाठी तो मोठा गिटारवाला लिअँडर टॉलिव्हर. मला ठाऊक आहे… काय लिहिलंय पाटीवर? वाचा, वाचा… 'कुणीही न शिकवता'? पुसा ते! आत्ताच्या आत्ता पुसा! आईनं त्याचा हात धरून औषधाची बाटली तारेवरून सरकवायला शिकवली. पहिलं वाजवलं ते देवाचं गाणं. दारूच्या अड्ड्यांवर नंतर गेला… हो, तबकड्या निघाल्या, मेम्फिसला नाव झालं, सगळं खरं. पण त्या तबकड्यांत त्याची गिटार हुंदका देते ना, तो आमच्या आईचा. चुलीपाशी ती तश्शीच गुणगुणायची.

… हं… हं, ऐकतेय… काय? वाजत नाही?

… म्हणजे उद्या उद्घाटन आणि तार नुसती टुकटुकतेय, म्हणून फोन होय! मला वेडीला वाटलं, माफी मागताय.

अहो, वाजेल कशी? फळी नेलीत, घर इथंच राहिलं. तार छेडली की अख्खं घर घुमायचं, फडताळातल्या बशासुद्धा. लिअँडर महिनोन् महिने फिरतीवर. परत आला की दार नाही ठोठावायचा, बाहेरून एकदा तार छेडायचा. आई उठायची आणि मक्याच्या भाकरीसाठी तवा चुलीवर ठेवायची.

… दोघंही गेले. तेव्हापासून सूर्य मावळताना प्रार्थना झाली की मी ती तार एकदा छेडते. आजारपणातसुद्धा चुकवलं नाही. तुमच्यामुळे बुधवार चुकला, काल चुकला…

… सोमवारी परत आणून देता? सोमवारी नाही. आज. सूर्य मावळायच्या आत.

… पाहुणे आलेत? मग त्यांनाही आणा की! अंगणात उभे राहा, टोप्या काढा, आणि घर ऐका… नवे खिळे? मुळीच नको. आईचेच हवेत. वाकवले असतील तर सरळ करून आणा… आणि ती पाटी पुसूनच गाडीत बसा.

… किती जण?… बरं… अहो, उपास माझा आहे, तुमचा नाही. तोही सूर्य मावळल्यावर सुटतो. चला, ठेवते आता, पीठ भिजवायचंय… हो, हो, भाकरी मिळेल. पण तवा तार वाजल्यावरच ठेवणार.