सहदेवबुवांची चाल

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. आज आधी एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. सकाळी फिरायला जाता ना? हातात पिशवी असते. शेजाऱ्याची जास्वंद कुंपणाबाहेर वाकलेली असते — तोडली, पिशवीत टाकली, घरी येऊन देवाला वाहिली! आता सांगा, पुण्य कुणाचं? तोडणाऱ्याचं, की ज्यानं झाडाला पाणी घातलं त्याचं? ... हसताय! म्हणजे पिशवीवाले इथंच बसलेत.

तुम्ही म्हणाल, महाराज, फूल देवालाच वाहिलं ना? आम्ही काय बाजारात विकलं? अगदी हेच सहदेवबुवा म्हणायचे. त्यांचीच कथा ऐका.

सहदेव मेस्त्री, कुडाळच्या बाजूचे. दिवसा सुतारकाम, आणि बारी असली की भजन. डबलबारी माहीत आहे ना? समोरासमोर दोन मंडळं, दोन बुवा. एकानं गायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं — कुस्तीच ती, फक्त लंगोटाऐवजी झब्बा! शेवटी येतो गजर. आणि गजराची रीत काय? त्या वर्षी जो पिक्चर गाजला असेल त्याच्या गाण्याची चाल उचलायची आणि तिच्यात विठ्ठलाचं नाव बसवायचं. चाल कुणाची, कोण विचारतो! पब्लिक उठून नाचलं की झालं. आमचे पेटीवाले बघा कसे खाली मान घालून बसलेत. त्यांना सगळं ठाऊक आहे.

बुवांची सून विशाखा. तिनं मंडळाचं व्हिडिओ चॅनल काढलं. त्यावर पहिली कुणाची बारी टाकली असेल? सासऱ्यांची नाही. सासऱ्यांचे गुरू भिकाजीबुवा, ते तोवर गेले होते. त्यांची शेवटची बारी तिच्या मोबाइलमध्ये होती, ती टाकली. आणि मंडळी, त्या व्हिडिओखाली माणसं लिहायला लागली. कुणी बोरिवलीचा, कुणी मस्कतचा. एकानं लिहिलं, माझ्या बारशाला हे बुवा गायले होते. एकीनं लिहिलं, आमचे वडील यांच्यामागे झांज वाजवायचे, व्हिडिओत पाठमोरे दिसतात तेच. भिकाजीबुवांच्या पत्नी, सत्यभामाकाकी, त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. विशाखा संध्याकाळी जाऊन त्यांना हे वाचून दाखवायची. काकी म्हणायच्या, त्या मस्कतवाल्याचं परत वाच. नवरा गेल्यावर त्या घरात तेवढाच काय तो आनंद उरला होता.

तर असं छान चाललं असताना एक दिवस चॅनलवर नोटीस आली. सहदेवबुवांच्या जत्रेतल्या बारीचा व्हिडिओ ब्लॉक! का? तर गजराची चाल अमुक पिक्चरमधली, ती कंपनीच्या मालकीची. आता या ब्लॉक करणाऱ्या यंत्राची गंमत अशी, की त्याला कान आहेत, विचार नाही. त्यानं एकदा आपल्या काकड्याची जुनी चालसुद्धा कुठल्याशा कॅसेट कंपनीच्या नावावर लावली होती! तेव्हा विशाखानं हरकत लिहून पाठवली, माणसानं ऐकलं, व्हिडिओ सुटला. पण या वेळी यंत्र खरं बोलत होतं. चाल उचललेलीच होती.

बुवा काही ऐकेनात. म्हणाले, "मी देवाचा नाव घेतलंय. चोरी खय केलंय?"

विशाखानं शांतपणे समजावलं. हा पहिला स्ट्राइक. असे तीन झाले की सगळं चॅनल बंद. भिकाजीबुवांची बारी उतरवून घेता येईल, पण तिच्याखाली लोकांनी लिहिलेल्या आठवणी जातील त्या जातीलच. बुवांनी तेवढ्यापुरतं कबूल केलं, पुन्हा पिक्चरची चाल घेणार नाही म्हणाले.

आणि पुढच्या बारीला समोर बसले उमाकांतबुवा परब. तरणाबांड आवाज! त्यांनी असा गजर टाकला की म्हातारेकोतारे उठून नाचले. आता सहदेवबुवांना राहवतंय का? लाइव्ह चालू आहे, सून समोर मोबाइल धरून उभी आहे, डोळ्यांनी नको नको म्हणतेय — आणि बुवांनी हाणली पिक्चरची चाल! दुसरा स्ट्राइक.

विशाखा भांडली नाही. ती उठून काकींकडे गेली. बुवा मागोमाग निघाले, समजूत घालावी म्हणून, आणि काकींच्या उंबऱ्याशीच थांबले. आत ती वाचत होती. एकेक ओळ वाचायची, काकी तोंडातल्या तोंडात ती ओळ परत म्हणायच्या. विशाखा त्यांच्याकडून आठवणी पाठ करून घेत होती. का? उद्या चॅनल गेलंच तर काकींजवळ काहीतरी राहावं म्हणून. बुवा तसेच मागं फिरले. त्यांना फार लाज वाटली.

पुढची बारी. समोर पुन्हा उमाकांतबुवाच. सुनेनं विचारलं, बाबा, लाइव्ह लावू की नको? बुवा म्हणाले, "लाव."

उमाकांतबुवांचा गजर झाला, पब्लिक नाचलं. आता सहदेवबुवांची पाळी. बोटं पेटीवर पिक्चरच्या चालीकडेच वळत होती, सवय कुठं सुटते? पण त्यांनी बोटं आवरली. आणि लाकडावर रंधा मारताना ते रोज जी चाल गुणगुणत, स्वतःचीच, जी बारीत गायच्या लायकीची आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, ती धरली. पब्लिक खाली बसलं! एकजण ओरडला, बुवा झोपले! पखवाजवाला गोंधळला. मग हळूहळू त्याला रंध्याचा हात सापडला — जाताना लांब, येताना आखूड. माणसं टाळ्या धरायला लागली. नाचलं कुणीच नाही. बारी बुवा हरले, बरं का! खोटं कशाला सांगू? पण चॅनल राहिलं, आणि त्या संध्याकाळी काकींना वाचून दाखवायला दोन नव्या आठवणी होत्या.

इथं कथा संपली असती. पण पुढं काही महिन्यांनी विशाखा मोबाइल घेऊन धावत आली. उमाकांतबुवा परब कुठल्याशा गावात गजर गाताहेत, हजारो माणसं नाचताहेत, आणि चाल? रंध्याची! सहदेवबुवांचं नाव कुठंही नाही. विशाखा रागानं लाल. उमाकांतबुवांच्याही चॅनलवर आधीच दोन स्ट्राइक आहेत, हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा, तक्रार टाकते, त्यांचं चॅनल बंद.

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? हात वर करू नका, मला दिसतंय.

बुवांनी विचारलं, "त्येंच्या यिडिओखाली पण लोकांनी लिवलेला असताला मा?"

तिनं बघितलं. लिहिलेलं होतं. बरंच होतं. बुवांनी फोन मागितला आणि उमाकांतबुवांनाच लावला. गाणं छान झालं म्हणाले. मग म्हणाले, पण ती चाल माझी आहे.

मग उमाकांतबुवा म्हणाले, "बुवा, आयशीशपथ, माका वाटला ती जुनी चाल. आमच्या आज्याच्या येळची."

आणि सहदेवबुवांच्या डोळ्यांतून पाणी! विशाखाला वाटलं, दुखावले. अहो, कुठलं दुखावतायत? माणसानं रंधा मारता मारता केलेली चाल, आणि दुसऱ्या बुवाला ती आज्याच्या काळची वाटली! बुवांना याहून मोठं काय मिळणार होतं? म्हणाले, "खुशाल गा. फकत नाव घ्या."

पुढच्या जत्रेत उमाकांतबुवांनी गजराआधी पेटी थांबवली, माइकवर सांगितलं, ही चाल समोर बसलेल्या सहदेव मेस्त्रींची. आणि ते गायला लागले तेव्हा त्यांच्यामागे उभं राहून झांज कोण वाजवत होतं? सहदेवबुवा!

तेव्हा मंडळी, वापरू नका असं मी म्हणत नाही. वापरलं म्हणूनच ती चाल रंध्यावरून जत्रेत गेली. पण सकाळी उठल्याबरोबर कविता फॉरवर्ड करता, खालचं नाव कापून! बहिणीची भाजी आपली म्हणून वाढता, कुणाची ऐकलेली गोष्ट आपली म्हणून सांगता. ज्याची आहे तो माणूस जिवंत असेल तर आज घरी जाऊन त्याला फोन करा. एवढंच म्हणा, हे तुझं आहे, मी वापरतो. ऐकायला तो आहे तोवर म्हणा.

पखवाजवाले, धरा. जाताना लांब, येताना आखूड. आता गजर घेतो, मंडळी. चाल सहदेव मेस्त्रींची आहे. म्हणा माझ्यामागून.