जयराम पाष्ट्याचं मशीन

मंडळी, आज एकच प्रश्न. हेतू चांगला असला, की काम चांगलंच होतं का? बघा, माना डोलल्या! थांबा — आधी ऐका, मग डोला.

संगमेश्वराकडच्या एका वाडीत जयराम पाष्टे राहायचा. झाडं तोडायचा धंदा. हातात लाकूड कापायचं छोटं मशीन — पेट्रोलवर चालणारं, साखळीचं. एका वादळात शेजारच्या म्हातारीच्या घरावर फणस कोसळला. म्हातारी आत! जयराम धावला. मशीन बुंध्यात घातलं की बंद! दोरी ओढायची, पुन्हा बंद! चार तास, मंडळी! बुंधा हलला तेव्हा म्हातारी गेलेली होती.

त्याला अन्न गोड लागेना. मग भंगारात एका मोठ्या मशीनचं इंजिन सापडलं. ते घेऊन गेला इब्राहीमभायकडे — पंप दुरुस्त करणारा जाणता माणूस.

"भाय, माझ्या मशीनला हे बसवून द्या."

इब्राहीमभायनं उलटंसुलटं करून पाहिलं. "इंजिन बसेल रे. पण साखळी थांबवणारा पुढचा ब्रेक आड येतो. ब्रेक काढून मी देणार नाही!"

"लोकांचा जीव वाचवायचाय, भाय!"

"म्हणूनच देत नाही!"

ऐकलं का त्यानं? छे! आपण तरी ऐकतो का? घरी येऊन स्वतःच ब्रेक काढला, इंजिन बसवलं. दोरी ओढली — असा आवाज, की वाडीतल्या कोंबड्या तीन दिवस अंडी द्यायच्या विसरल्या! हसा... हसून घ्या.

पंधरा दिवस मशीन लोण्यासारखं चाललं. सोळाव्या दिवशी आंब्याची आडवी फांदी कापत होता. फांदी धरायला धाकटा भाऊ एकनाथ — देवळातला पखवाज त्याचाच! साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक फांदीतल्या गाठीला लागलं. मशीन उसळलं! मुठी छोट्या मशीनच्या, बळ मोठ्या इंजिनचं — जयरामच्या हातातून निसटून बाजूला फिरलं. ब्रेक असता तर साखळी तिथंच थांबली असती. थांबली नाही हो! एकनाथच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं?"

चुलता कानाशी लागला, "फांदी पडली म्हण. पोलीस येतील!"

जयराम डॉक्टरपुढे गेला. म्हणाला, "डॉक्टर, ब्रेक मी काढला. नको म्हणून सांगितलं होतं, तरी काढला."

चार दिवस तो भावाच्या खाटेपाशी बसला. वर बघायची हिंमत नाही. पाचव्या दिवशी एकनाथच बोलला.

"दादा, बोटं गेली ती गेली. रडेन मी, खूप रडेन. पण 'फांदी पडली' म्हणाला असतास ना — तर भाऊसुद्धा गेला असता."

जयरामनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

मंडळी, पाष्ट्याचा हेतू खोटा होता का? नव्हता. दया होती. पण दयेला घाई झाली, आणि घाईनं जाणत्याचा शब्द ढकलून दिला. आता तुम्ही माझ्याकडे बघू नका, आपल्या घराकडे बघा. 'तुझ्या भल्यासाठीच केलं' म्हणत आपण कुणाला जखमी केलंय? बायकोला? लेकीला? भावाला? आठवलं ना तोंड? मग आज इथून उठलात की देवाच्या पाया नंतर पडा. आधी त्या माणसापुढे जा, आणि म्हणा — माझ्यामुळे झालं.